थोरलीचं फडकं

संदर्भ : रविवार, २२ मार्च २०२६, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. मनोरीच्या घराची मागची खोली.

बोरीवली,
मंगळवार, २४ मार्च २०२६

प्रिय ॲश्टन,

अनेक आशीर्वाद. तिकडे सगळे खुशाल असतील. मीही खुशाल आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो माझ्याशी कुरकुरतो, मी कोणाशी नाही. शेजारची हेमांगी काल वांग्याचं भरीत देऊन गेली. छान झालं होतं असं मी तिला सांगितलं. लग्नात नेसायची साडी फॉल लावायला टाकली आहे. तुझी बहीण ॲश्ली ब्लाउजच्या मापासाठी कालपासून माझ्याकडे आहे आणि आत्ता आतल्या खोलीत फोनवर हळू आवाजात हसते आहे. नवरी आहे, हसू दे. झाली खुशाली. आता वरच्या संदर्भाकडे वळते.

मी चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली. लोकांच्या तक्रारी ऐकून ऐकून एवढं कळलं, की आधी तारीख, मग वेळ, मग जागा सांगावी आणि रडगाणं शेवटी गावं. फोन केला असता तर तू "हो आंटी, सॉरी आंटी" म्हणून मोकळा झाला असतास. म्हणून लिहिते आहे. बसून वाच.

देवळातली मिस्सा सुटल्यावर आपण सगळे घरी आलो. वाईनच्या दुसऱ्या गाळणीचा दिवस होता. मुलुंडची मंडळीही आली होती, कारण जिथे जेवण असतं तिथे मुलुंडची मंडळी असते. थोरली, मधली, धाकटी, तिन्ही बरण्या भिंतीशी ओळीने उभ्या होत्या. तिघींत मिळून ॲश्लीच्या लग्नाची वाईन. मी ॲप्रन बांधला, थोरलीच्या फडक्याची गाठ सोडायला हात पुढे केला, आणि तू माझ्या आणि बरणीच्या मध्ये येऊन उभा राहिलास.

"आंटी, थांब. थोरली गेली."

"कुठे गेली?" मी विचारलं.

"सिरका झाला तिचा. चूक माझी आहे. मागच्या आठवड्यात मी फडकं नीट बांधलं नाही."

मग माझा भाऊ, तुझा बाप गिल्बर्ट, सुरू झाला. "चार वर्षं द्राक्षांत घालवलीस आणि तुला एक गाठ मारता येत नाही?" त्यावर मुलुंडहून कोणीतरी, "अंधेरीची एसीतली नोकरी सोडून हेच शिकला काय रे?" सगळे हसले. तू जमिनीकडे बघत उभा. आणि मी, जिच्यासमोर मुलुंडची मंडळी दुसऱ्यांदा भात मागायलासुद्धा कचरतात, ती मी गप्प राहिले. अवाक्षर बोलले नाही. हे नीट लक्षात ठेव, कारण माझ्या हयातीत ते पुन्हा घडणार नाही.

गिल्बर्ट म्हणाला, "आज राहू दे, बाय. मधली-धाकटी पुढच्या रविवारी बघ." आणि मी लगेच "बरं" म्हटलं. मी! लगेच!

तुला वाटेल, आंटी थोरलीसाठी चिडली आहे. चिडले आहेच. माझ्या आईच्या हातची बरणी ती. पण या पत्राचं कारण ते नाही. कारणाकडे येते, घाई करू नकोस. आधी थोडं चांगलं लिहू दे, नाहीतर सगळं पत्र कडू होईल.

यंदाची काढणी मी विसरणार नाही. दिंडोरीत फेब्रुवारीतली ती थंडी, उजाडायच्या आधी आपण सगळे कानटोप्या घालून ओळीने उभे, हातात कात्र्या. मांडवाखाली तुझ्या बॅटरीच्या उजेडात ते घड पाहिले. वाईनचं द्राक्ष काही देखणं नसतं. दाणा बारका, साल जाड, रंग काळा. आपल्या घरातल्या माणसांसारखंच. पण तू एक दाणा माझ्या तळहातावर चुरडलास तेव्हा बोटं एकमेकांना चिकटली, इतकी साखर उतरली होती. माझ्या बापाने ती दोन एकर जमीन घेतली तेव्हा समुद्राकाठचा माणूस डोंगरात शेती करायला निघाला म्हणून मनोरीने त्याला पोट धरून हसून घेतलं होतं. तो असता तर त्या सकाळी त्याने सगळ्या मनोरीला होडीत घालून दिंडोरीला आणलं असतं, होडी तिथपर्यंत जात नसली तरी.

पहिला घड रिवाजाप्रमाणे मी कापला. बाकीचा माल तू टेम्पोतून भाईंदरच्या बाजूने घेऊन गेलास आणि तो एक घड मी मांडीवर घेऊन मार्वेच्या बोटीत बसले. शेजारी मासळीच्या टोपल्या घेऊन बाया. एक म्हणाली, "आजी, एवढा एकच घड? पोरांना पुरंल का?" मी म्हटलं, "हा पोरांचा नाही, देवाचा आहे. पोरांचे टेम्पोतून गेले." नाक्यावरच्या क्रुसापुढे तो ठेवला तेव्हा माझी मान थोडी जास्तच ताठ होती. देवाने ते बघितलं असेल. बघू दे.

तू नोकरी सोडलीस तेव्हा तुझी ममा आठवडाभर नीट जेवली नव्हती. तुझ्या बाजूने कोण बोललं होतं? जाऊ दे. उपकार मोजायला बसलेले नाही. सांगायचं एवढंच, की मुलुंडवाले हसले तेव्हा मला उत्तर येत होतं. चांगलं झणझणीत उत्तर. ते मी दिलं नाही.

आता बरण्यांकडे. तुला माहीत असलेलंच लिहिते, कारण पुढचं त्यावाचून नीट लिहिता येणार नाही. राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत, अख्खा उपवासकाळ, आपल्या घरात वाईनचा थेंब कोणाच्या जिभेला लागत नाही. आणि वाईन तयार होते ती नेमकी त्याच दिवसांत. म्हणून माझ्या आजीने, मग आईने, जिभेवाचून वाईन ओळखायची रीत बसवली. आधी कान, मग नाक. बरणी बोलते तोवर कान, ती गप्प झाली की नाक. आणि घरातल्या थोरल्या बाईने वास घेऊन "हो" म्हटल्याशिवाय दुसऱ्या कोणी फडक्याला हात लावायचा नाही. आई गेल्यापासून ती थोरली बाई मी आहे.

कानाच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बसायचे तेव्हा तारेवरच्या नुसत्या खरखरीवरून पाऊस ठाण्याला पडतोय की पनवेलला ते मी सांगायचे. बरणीला कान लावला की पहिले दिवस पापड तळल्यासारखा आवाज येतो. मग पत्र्यावर बारीक सर आल्यासारखा. मग एकेक बुडबुडा, मधे मोठी शांतता, म्हातारी बाई माळ जपताना मणी सोडते तसा. यंदा तू तुझी साखर मोजायची काचेची नळी बुडवून म्हणालास, "आंटी, उद्या गाळायला हवी." मी बरणीपासून कान काढत म्हटलं, "उद्या सकाळी." तू माझ्याकडे असा बघत राहिलास की मला वाटलं आता टाळ्या वाजवतोस. त्या दिवशी बोरीवलीला परत येताना मी बोटीत एकटीच हसत होते. नळी नाशिकहून आणलेली, कान घरचा, आणि दोघांचं उत्तर एक.

नाकाबद्दल आता लिहायचं आहे. आधी चहा ठेवते.

चहा झाला. दूध उतू जाऊन करपलं होतं. ते मला हेमांगीने तिच्या बाल्कनीतून ओरडून सांगितलं. मी याच टेबलाशी बसले होते, ओट्यापासून चार पावलांवर.

तर ॲश्टन, हे असं आहे. गणपती उठल्यावर मला ताप आला होता, आठवतं? ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. सर्दीने चोंदतं तसं नाही. नाक मोकळं आहे, श्वास नीट येतो, फक्त त्यातून काही येत नाही. नोव्हेंबरात शेगडीचं बटण अर्धवट फिरलेलं राहिलं आणि मी बाजूलाच बसून शब्दकोडं सोडवत होते. हेमांगीने दार तोडायचंच बाकी ठेवलं होतं. तेव्हापासून ती रोज काही ना काही द्यायला येते. भरीत हा बहाणा, बघायला येते. इथल्या नाकाच्या डॉक्टरने माझ्या नाकात बॅटरी घालून बघितलं आणि म्हणाला, "येईलही परत, नाहीही येणार." यासाठी मी दीड तास रांगेत बसले होते.

मी कोणाला सांगितलं नाही. काय सांगणार? कॉन्व्हेंटमध्ये मेरी क्लेअर सिस्टर आम्हाला म्हणायच्या, स्वतःच्या दुखण्याबद्दल बोलणारी मुलगी आणि नाक शिंकरणारी मुलगी सारखीच. मी दोन्ही नव्हते. शिवाय मला वाटलं, उपवासकाळ आहे, कोणी चव घेणारच नाही, कानावर निभावून नेऊ. आणि निभावलंच की! मीच दर रविवारी बोटीने यायचे, वाकायचे, डोळे मिटायचे आणि "ठीक आहे" म्हणायचे. सगळे माना डोलवायचे.

पण सिरका होताना आवाज होत नाही, ॲश्टन. ते मी विसरले. वाईन मोठ्याने तयार होते आणि मुक्याने बिघडते. पहिल्या गाळणीनंतर थोरली वीतभर रिकामी राहिली होती, आणि वर हवा राहिली की वाईन आंबते. एरवी कितीदा तरी राहिली आहे. पहिला आंबूस वास आला की मी लगेच ती लहान बरण्यांत काठोकाठ ओतून घ्यायचे आणि वाचवायचे. यंदा वास आला असणार. मी नव्हते, म्हणजे होते, वाकलेलीच होते.

रविवारी तुम्ही जेवायला बसलात तेव्हा मी मागच्या खोलीत गेले, थोरलीचं फडकं काढलं आणि आत तोंड घातलं. काही नाही. विहिरीत बघावं तसं. मग डोळे झोंबले. सिरका डोळ्यांना कळला, नाकाला नाही. त्याने पाणी आलं. दुसरं काही समजू नकोस.

इथपर्यंत मला वाटत होतं, की बिचाऱ्या पोराने खरंच फडकं सैल बांधलं आणि माझं नशीब की माझ्यावर आलं नाही. लाज वाटत होती, पण सुटल्यासारखंही वाटत होतं. काल संध्याकाळी तुझ्या बहिणीने ते सुख संपवलं. भाजी निवडता निवडता सहज म्हणाली, "आंटी, तू दादावर रागावू नकोस हां. बोंबलाच्या दिवसापासून तो किती टेन्शनमध्ये आहे."

"कसला बोंबलाचा दिवस?"

पोरीचा चेहरा पडला. पण मी एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर होते, माझ्यापुढे ती किती वेळ टिकणार? पाच मिनिटांत सगळं बाहेर आलं. आधीच्या रविवारी मी दोरीवरून धुतलेलं फडकं काढलं, नाकाशी धरलं, "बघ, कसं स्वच्छ आहे" म्हटलं आणि थोरलीवर बांधलं. ते फडकं आदला अख्खा दिवस सुकत घातलेल्या बोंबलांच्या परातीत पडलेलं होतं आणि कोणीतरी नुसतं उचलून पुन्हा दोरीवर टाकलं होतं. मनोरीत सुकट आंधळ्यालाही कळते. खोलीतल्या प्रत्येकाला वास आला आणि प्रत्येकाला वाटलं बाहेरून येतोय. फक्त तू माझ्याकडे बघितलंस. मी गेल्यावर तू फडकं बदललंस.

म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं.

आता माझी तक्रार. दोन कलमं आहेत.

पहिलं. तुला कळलं होतं, तुझं नाक शाबूत आहे, तू त्याच घरात राहतोस, बरणी तुझ्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर. फडकं बदललंस तेव्हा श्वास रोखून बदललंस काय? नंतर रोज वास घेऊ शकला असतास. थोरली वाचली असती. पण आंटीने "हो" म्हटलेलं नाही, तर मी कसा वास घेऊ! ॲश्ली म्हणते, तू दोनदा बरणीपाशी जाऊन परत फिरलास. कसला हा मान? आजीने रीत बसवली ती वाईन चांगली राहावी म्हणून. माझा रुबाब राहावा म्हणून वाईन बिघडू द्यावी असं ती कुठे म्हणाली होती? शुक्रवारी शेवटी फडकं उचललंस, तोवर उशीर झाला होता. असला मान मला नको. तो तू मुलुंडवाल्यांना दे, त्यांना पुरत नाही.

दुसरं, आणि हे जास्त गंभीर आहे. २२ मार्च, अकरा वीस. तू माझी चूक माझ्या हातातून काढून घेतलीस. न विचारता. सगळ्यांसमोर तू अडाणी ठरलास, माझ्या बापाच्या बागेत यंदासारखं पीक काढणारा तू, आणि ते मला उभ्या उभ्या ऐकावं लागलं. माझी चूक आहे, ॲश्टन. जुनी, नवी, लहान, मोठी, ती माझ्या नावावर राहील. मला दया दाखवायची असेल तर आधी माझी परवानगी घे, म्हणजे मला नाही म्हणता येईल.

आज सकाळी मी तुझ्या बापाला फोन केला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाय, गॅस?" मी म्हटलं, हेमांगी आहे. मग म्हणाला, "मी त्याला सगळ्यांसमोर बोललो गं." मी म्हटलं, आता सगळ्यांसमोरच परत घे. येत्या झावळ्यांच्या रविवारी, झावळ्या घेऊन देवळातून आलो की. त्याचं झालं की मी बोलणार आहे. मुलुंडवाल्यांनाही बोलावलं आहे. त्या दिवशी राहिलेलं उत्तर त्यांना द्यायचं आहे, ते मी पाठ केलं आहे.

पण त्याआधी एक काम आहे आणि ते तुझ्यावाचून होणार नाही. मधली आणि धाकटी अजून बंद आहेत. त्या चांगल्या असतील तर काटकसरीने का होईना, ॲश्लीचं लग्न निभेल. त्याही गेल्या असतील तर या घराच्या मुलीच्या लग्नात दुकानातली बाटली फुटेल, आणि तसं याआधी कधी झालेलं नाही. दोघींना कान लावून आले आहे. दोघी गप्प आहेत. त्यापुढे मला काही कळत नाही. हे वाक्य लिहायला मला चहाचे दोन कप लागले.

म्हणून आज, हे पत्र संपवल्याबरोबर, मागच्या खोलीत जा. ॲप्रन दारामागे आहे, तो बांध. हात धू. मधलीचं फडकं काढ, मग धाकटीचं. वाक. डोळे मिटले नाहीस तरी चालेल, तो माझा नखरा होता. चांगल्या असतील तर तू स्वतः "हो" म्हण, मोठ्याने, घरात कोणी नसलं तरी, आणि गाळायला घे. मला विचारायला फोन करू नकोस. थोरल्या बाईचं काम आता थोरल्या पोराने करायचं. आजीची काही हरकत असेल तर वर गेल्यावर माझं मी बघून घेईन. कान मात्र माझाच राहील. पुढच्या फेब्रुवारीत बरणी बोलायला लागली की मला बोलवायचं, आणि तुझी नळी मी सांगितल्यावर बुडवायची, आधी नाही.

आणि मग मला लेखी उत्तर दे. लेखी का, ते सांगते. "चांगली आहे" असं एका ओळीत लिहिलंस तर कागद परत पाठवीन. दोन्ही बरण्यांचा वास मला शब्दांत लिहून हवा आहे. फडकं उघडल्याबरोबर आधी काय आलं, मग काय आलं, शेवटी काय राहिलं. दिंडोरीच्या त्या सकाळचं काही त्यात उरलंय का. जांभळासारखं काही आहे का, दरवर्षी असतं. ओल्या मातीचं? लवंगेचं? तू कॉन्व्हेंटमध्ये शिकला नाहीस, त्यामुळे अक्षर वाईट असेल, ते मी सहन करीन. पण हात आखडू नकोस. मला तो वास यंदा दुसरीकडून कुठून मिळणार नाही.

हे पाकीट चिकटवून ॲश्लीच्या हाती देते आहे. तुझं उत्तर येत्या शनिवारी, २८ मार्चला, दुपारी बाराच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. टपालावर विसंबू नकोस, मार्वेची बोट पकड आणि स्वतः आण. दारात तोंड उघडायचं नाही. आधी कागद, मग जेवण.

बारा म्हणजे बारा.

तुझी,
अजून सगळं ऐकू येणारी
मोना आंटी